हैबतरावांचा गार हवेचा पाइप

“पाइप गाडीवरून काढायचा नाही! आणि तरी तो बिनकामाचा आहे हे मला पटवून द्यायचं! नाही जमलं, तर उद्या संध्याकाळच्या आत मोटारखान्यातली खोली रिकामी करायची. तू, तुझी पोरगी, तुझी भांडीकुंडी, सगळी बाहेर!”

सोनवडचे महाराज श्रीमंत हैबतराव गरजले, आणि त्यांचा ड्रायव्हर भिकू शेडगे जागच्या जागी थिजला. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की तो खरं बोलून बसला होता.

झालं होतं असं. मुंबईहून एक एजंट आला होता. अंगात रेशमी कोट, आणि जीभ त्याहून मऊ. त्यानं महाराजांच्या मोटारीला चांगला हातभर पितळी पाइप बसवला. म्हणे, इंजिन स्वतःच्याच धगीत बसून गरम हवा खातं, म्हणून दमतं. पाइपाचं तोंड पुढं दिव्याखाली, वाऱ्यात. तिथून गार हवा थेट इंजिनात गेली की गाडी दुप्पट पळणार! गाडी सुरू झाली आणि अशी घुमू लागली, की पागेतल्या घोड्यांनी दावी ओढली.

महाराज हरखले. “काय भिकू, पळते की नाही दुप्पट?”

“सरकार, पळत हुती तेवढीच पळतीया. आवाज तेवढा वाढलाय.”

झालं! हैबतरावांना एकवेळ उपाशी ठेवलेलं चालायचं, पण त्यांच्या नव्या वस्तूला नाव ठेवलेलं खपायचं नाही.

भिकू खोलीवर आला तो तोंड पाडूनच. त्याची मुलगी हौसा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खुदकन हसली.

“हसतीस काय? डोक्यावरचं छप्पर चाललंय आपलं!” भिकू चिडला.

“आबा, सरकार पाइप काढू नगा म्हणाले. पाइपाची पूजा करू नगा असं म्हणाले का?”

“न्हाई.”

“मग नव्या पाइपाची पूजा नको व्हय? आन् मला सांगा, इंजिनाजवळ पाइपाचा सांधा हाय, त्यो थोडा सैल केला, तर इंजिन तिथनंच हवा घेईल का, पहिल्यासारखी?”

“घेईल की. पण त्यानं काय हुतंय?”

“तुमी सैल तर करा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज एजंटाला घेऊन मोटारीपाशी आले, तर समोर हौसा पूजेचं ताट घेऊन उभी! पाइपाला हळदकुंकू लावलेलं, नारळ फोडलेला, आणि पाइपाच्या तोंडावर झेंडूचा हा भलामोठा हार.

“वा! बघ भिकू, पोरीला कळतं ते तुला कळत नाही,” महाराज खूश होऊन म्हणाले.

“सरकार, मीबी येऊ का? आबांच्या शेजारी बसते. पाइपाचा पराक्रम डोळ्यांनी बघायचाय,” हौसा म्हणाली.

“ये की! आज घाट चढूनच दाखवतो!”

गाडी घुमत, गर्जत कावळ्या घाटाला लागली. महाराज मागच्या सीटवर लहान मुलासारखे उसळत होते.

“अरे, आज तर कालच्यापेक्षा जोर आहे!”

“सकाळची हवा ना सरकार, जास्त गार!” एजंटानं री ओढली. “इंजिन घटाघटा पितंय बघा!”

हौसानं मागं वळून विचारलं, “हा समदा जोर पाइपातनं आलेल्या हवेचाच, सरकार?”

“मग काय तुझ्या बापाच्या फुंकरीचा?”

“आन् एजंटसाहेब, तुमाला काय वाटतं?”

“पैजेवर सांगतो, पोरी! पाइपाचाच!”

खिंडीत गाडी थांबली. महाराज खाली उतरले, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, “हरलास भिकू! आता मुकाट्यानं खोली रिकामी कर.”

भिकूचा चेहरा पांढराफटक पडला. हौसा मात्र पुढं झाली.

“खोली करतो की सरकार. पर त्याआधी पाइप रिकामा करते. चढण चढून तुमाला तहान लागली आसंल.”

तिनं झेंडूचा हार उचलला, पाइपात हात घातला आणि एक ओलं फडकं ओढलं. ओढतेय, ओढतेय, फडकं काही संपेना! शेवटी ते बाहेर आलं, आणि त्यातून कोवळ्या हिरव्यागार काकड्या निघाल्या.

एजंटाचा आ वासला तो वासलेलाच.

“हे काय?” महाराज ओरडले.

“काकड्या, सरकार.”

“पाइपात?”

“पूजेच्या आधी म्याच ठासून भरल्या. मुंगीलाबी वाट ठेवली नव्हती.”

“मग इंजिनाला हवा कुठून मिळाली?”

“पाइपाच्या आधी मिळत हुती तिथनंच. आबांनी सांधा सैल केलाय. इंजिनाचा घसा जेवढा, तेवढाच त्याचा घास, सरकार! त्याच्याम्होरं केवढाबी पाइप लावा.”

महाराजांनी एजंटाकडं पाहिलं. एजंट घाटातली झाडं न्याहाळू लागला. महाराजांच्या कपाळावरची शीर ताडताड उडत होती. भिकूनं तर डोळेच मिटून घेतले.

“म्हणजे,” महाराज एकेक शब्द चावत म्हणाले, “माझा हा पाइप अगदीच बिनकामाचा? बोल!”

“आसं कसं म्हनू, सरकार?” हौसानं एक काकडी पुसून पुढं केली. “पाइप गारव्यासाठीच घेतला न्हवं? ओलं फडकं, वरनं घाटातला वारा! खाऊन तर बघा, किती गार झालीया!”

महाराजांनी रागानंच कचकन घास घेतला. काकडी खरंच गारेगार होती! त्यांच्या गालावरचा स्नायू हलला, मग मिशी हलली, आणि मग जे हसू फुटलं ते असं, की फेटा सुटून खांद्यावर आला तरी त्यांना भान नाही.

“एजंटसाहेब,” डोळे पुसत ते म्हणाले, “तुम्ही घाट पायी उतरा. वाटेत गार हवा भरपूर मिळेल, घटाघटा प्या! आणि भिकू, खोली तुझीच, कायमची. पोरी, मोटारखान्यामागचा विहिरीजवळचा मळा आजपासून तुझ्या नावे. काकड्या लाव!”

“आन् पाइप, सरकार? काढायचा का?” भिकूनं भीत भीत विचारलं.

“खबरदार!” हैबतराव दुसऱ्या काकडीकडं हात नेत गरजले. “पाइप गाडीवरून काढायचा नाही! उद्यापासून माझी न्याहारी त्यातच ठेवायची!”