मनालीची सम

“मग तिला खुर्चीत का बसवलंस?”

अक्कांनी तिसऱ्यांदा विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

“अक्का, ती एंट्री होती,” अश्लेषा म्हणाली. “ही मुलगी कुठून कुठे आलीय, ते लोकांना दिसायला नको?”

“ती खुर्चीतून उठली कधी?”

“...संक्रांतीला.”

“आणि कार्यक्रम कधी झाला?”

“एप्रिलमध्ये.”

अक्कांनी मान हलवली आणि खिडकीकडे बघत बसल्या.

मिरजेतल्या त्या शहाबादी फरशीच्या खोलीत मी अठरा वर्षं पेटी वाजवतो आहे. अक्का कथक शिकवतात. अश्लेषा त्यांची सगळ्यात तयारीची शिष्या, त्यात फिजिओथेरपीची पदवी, त्यामुळे नाकावर माशी बसू देत नाही. ज्यांचे हातपाय जन्मापासून आखडलेले, अशा मुलामुलींना नाचातून हालचाल शिकवायची, ही कल्पना तिची. कल्पना चांगली होती. मी तिच्यावर चिडलेलो असूनही हे म्हणतो.

मनाली खोत त्यातलीच एक, सतरा वर्षांची. पोटऱ्या ताठ, टाचा अधांतरी. चाकाची खुर्ची घेऊन आली होती.

अक्कांच्या खोलीत कुणालाच सवलत नाही. घुंगरू ज्याने त्याने स्वतःच्या हाताने बांधायचे. शेवटच्या मुलीची शेवटची गाठ बसेपर्यंत धडा सुरू होत नाही. मनालीला पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं लागली. बाकीच्या मुली भिंतीला टेकून बसून राहिल्या. कुणी मदतीला हात पुढे केला की अक्का नुसतं बघायच्या, हात आपोआप मागे जायचा.

दुसरा नियम टाळ्यांचा. तिथे टाळ्या वाजत नाहीत. सोळा मात्रांची फेरी फिरून पहिल्या मात्रेवर येते, ती सम. सगळा नाच तिथे येऊन पोचायचा असतो. पोचलात तर अक्का म्हणतात, “पुढे.” चुकलात तर म्हणतात, “परत.” बस्स.

मनालीने दीड वर्ष “परत” ऐकलं. शेकडो वेळा. आणि ती खूश असायची. घरी, शाळेत, दवाखान्यात, तिने चमचा उचलला तरी लोक वा वा म्हणायचे. “परत” असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं.

एके दिवशी टाच टेकली. मग दुसरी टेकली. संक्रांतीच्या दिवशी ती दारापासून माझ्या पेटीपर्यंत चालत आली, आणि खुर्ची तिच्या वडिलांनी माळ्यावर टाकली.

ती खुर्ची अश्लेषाने माळ्यावरून काढायला लावली.

“अक्का, झालं ते झालं,” अश्लेषा आता म्हणाली. “तुम्ही तिला समजवा. ती घराबाहेर पडत नाही. त्याच खुर्चीत बसून असते. मी परवा तिचे पाय बघून आले...”

“काय दिसलं?”

“टाचा परत वर जायला लागल्यात. अजून दोनतीन महिने असेच गेले तर मग माझ्याच्यानेही काही होणार नाही. ती फक्त तुमचं ऐकते.”

“आणि तिला नाचवायचा तो पुण्याचा पुढचा कार्यक्रम?”



“...तोही आहे. पण मी त्यासाठी आलेली नाही.”

अक्कांनी मांडीवरची कापडी पिशवी फरशीवर ठेवली. आतून घुंगरांचा आवाज आला. मनालीची आई सकाळी येऊन देऊन गेली होती. दारातच उभी राहून म्हणाली होती, “पोरगी म्हणती, हे अक्कांचं अक्कांना देऊन ये.”

“त्या दिवशी हे कुणी बांधले?” अक्कांनी विचारलं.

“मी. कार्यक्रमाला उशीर होत होता. पाहुणे येऊन बसले होते.”

“तिला किती वेळ लागतो आता?”

“...नऊ मिनिटं.”

“तुला?”

“एक.”

“मग काय झालं?”

काय झालं ते मी सांगतो, कारण पेटीवर मीच होतो. मनालीला खुर्चीत बसवून, ढकलत रंगमंचावर आणलं. सूत्रसंचालकाने तिच्या आजाराबद्दल गळा काढून सांगितलं. मग ती उठून उभी राहिली. अजून नाचलीही नव्हती, नुसती उभी राहिली, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. लोक उठले. प्रमुख पाहुण्यांनी रुमाल काढला. मनालीने नाचाचा तुकडा सुरू केला तेव्हाही टाळ्या चालूच होत्या. माझी पेटी मला ऐकू येत नव्हती, तिला कुठून येणार? तिने ओठांवर मात्रा मोजायचा प्रयत्न केला. सम चुकली. एक नाही, चांगल्या तीन मात्रांनी. आणि चुकलेल्या समेवर लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

ती तशीच उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता. लोकांना वाटलं, भारावली.

“गाडीत तिने तुला काय विचारलं?” अक्का म्हणाल्या.

अश्लेषाने माझ्याकडे पाहिलं. मी पेटीच्या भात्याकडे पाहिलं. त्या गाडीत पुढच्या सीटवर मीही होतो. मीही काही बोललो नव्हतो, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

“विचारलं... ताई, माझी सम चुकली ना?”

“मग?”

“मी म्हटलं, कुणाच्या लक्षात आलं नाही गं.”

अक्कांनी वाकून पिशवीची नाडी सोडली.

“तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, अक्का. तिला जपायला म्हटलं. अजून काय म्हणायला हवं होतं मी?”

अक्कांनी पिशवी तिच्याकडे सरकवली.

“बांध.”

“हे? तिचे?”

“बांध. आणि तोच तुकडा कर.”

अश्लेषाने घुंगरू बांधले. एक मिनिट लागलं. पदर खोचून ती उभी राहिली, आणि तिच्या खांद्यांत तो जुना ताठा परत आला. नाच म्हटलं की तिला कुणाची भीती नाही. अक्कांनी लाकडी पाटावर काठीने मात्रा धरल्या. मी पेटी धरली.

काय नाचते ही बाई. राग असूनही सांगतो, त्या खोलीत तिच्यासारखं कुणी नाचलेलं मी पाहिलं नाही. पहिली फेरी गेली. दुसरी गेली. आता फक्त समेवर यायचं राहिलं होतं.

आणि अक्कांनी काठी खाली ठेवून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

वेड्यावाकड्या, जोरजोरात, मात्रेचं भान न ठेवता. त्या खोलीत मी ऐकलेल्या पहिल्या टाळ्या. अश्लेषा तिथे चौदा वर्षं शिकली होती. चौदा वर्षांत तिला “पुढे” याच्या पलीकडे एक शब्द मिळाला नव्हता. तिने दचकून अक्कांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा उजळला. मला ते बघवलं नाही.

पाय पडला. पेटी समेवरून पुढे निघून गेली होती.

अश्लेषा तशीच उभी राहिली. अक्का टाळ्या वाजवतच होत्या. सुजलेले, सांधे धरलेले ते हात, दुखत असणार. तरी थांबल्या नाहीत. हसत होत्या, त्या सभागृहातल्या लोकांसारखं. मी पेटी बंद केली.

“अक्का, थांबा ना,” अश्लेषा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “चुकली माझी. परत म्हणा. अक्का... परत म्हणा ना.”

अक्कांनी हात खाली घेतले. पुढे वाकून तिच्या गालावरून बोटं फिरवली, आजारी माणसाच्या फिरवतात तशी.

“कुणाच्या लक्षात आलं नाही गं.”