महादरवाजाची पाठ

कधीची गोष्ट ते विचारू नका, जुनी आहे. एका उंच डोंगरावर पडका गड होता. तट ढासळले, वाडे गेले, महादरवाजा तेवढा उभा राहिला. हत्तीनं धडक मारू नये म्हणून त्याच्या छातीवर लोखंडी खिळे ठोकलेले. वर यायची वाट शेळीला कशीबशी पुरायची, हत्ती कुठला चढतोय! पण दरवाजाचा तोरा कायम.

एक शेळी रोज त्याच्या सावलीत बसायची. एके दिवशी ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या पाठीतून भुसा गळतोय. वाळवी लागलीय. पडाल एखाद्या दिवशी."

"गप गं! मी हत्तीवर नजर ठेवून आहे."

"आला होता का कधी?"

"माझ्यासमोर यायची छाती आहे का कुणाची?"

"मग गड पडला कसा?"

दरवाजा जरा कुरकुरला. "मागच्या कड्यावरून. आतल्याच एकानं शत्रूला दोर सोडला."

"मग आता तरी मागं बघा की!"

"मागं काय बघायचं, खुळे? मागं सगळी आपलीच माणसं."

"अगदी बरोबर, आजोबा," वाळवी आतून म्हणाली आणि पुन्हा खायला लागली.

शेळी उठली आणि उन्हात जाऊन बसली.