धुराला घातलेली भिंत

फार पूर्वी, राजे पायी हिंडत आणि डोंगर अद्याप वाढत होते त्या काळी, एका उंच डोंगराच्या उतारावर एक गाव होते. मुलांनो, आणि मुलांना ही गोष्ट वाचून दाखविणाऱ्या थोरांनो, त्या गावी ऊस होत नसे, आंबा होत नसे, भातही जेमतेमच होई. परंतु भोपळे असे होत, की एखाद्याच्या आडोशाला म्हैस बसली तर धन्याने ती दिवसभर शोधीत फिरावे.

दर वर्षी सुगीनंतरच्या पौर्णिमेस राजा आपली रिकामी पालखी त्या गावी धाडीत असे. गावातील सर्वांत मोठा भोपळा त्या पालखीत बसे, तो पिकविणारा पालखीपुढे चाले, आणि शिंगे-ताशांच्या गजरात दोघे राजधानीस जात. दुसऱ्या क्रमांकाचा भोपळा गावातच राही. त्याचे घारगे तळले जात आणि सारे गाव ते खाई.

येसाजी नावाच्या एका वृद्ध शेतकऱ्याचा भोपळा नेहमी दुसरा येई.

घारगे खाता खाता लोक त्याची तोंडभरून स्तुती करीत. त्याला मात्र ती स्तुती घशात अडकलेल्या बीसारखी टोचे. त्याला पालखीपुढे चालायचे होते, आणि तेथे दर वर्षी चालत असे ती म्हाळसाबाई. म्हाळसाबाई विधवा होती, हसतमुख होती, आणि तिचे शेत येसाजीच्या शेताला लागून खालच्या पायरीवर होते. दोघांच्या मध्ये केवळ एक बुटका बांध होता.

त्या वर्षी येसाजीने कंबर कसली. वेलावर एकच फळ राखून बाकीची खुडून टाकली. त्या फळाखाली पेंढ्याची मऊ गादी घातली. सकाळ-संध्याकाळ तो त्याच्यापाशी बसे आणि त्याला गोंजारून चार शब्द बोले.

"माझ्याशी इतकं बोलला असतात, तर मीही फुगले असते," त्याची पत्नी सगुणाबाई म्हणे.

भोपळा खरोखरच फुगला. पौर्णिमा जवळ आली तेव्हा वरच्या शेतातील मोठा की खालच्या शेतातील मोठा, हे नुसत्या डोळ्यांना ठरविता येईना. येसाजीला स्वप्नात शिंगे ऐकू येऊ लागली.

तोच एके दिवशी मेंढपाळ आपले कळप घेऊन वरच्या कुरणांतून अवेळी खाली उतरले. "शिखरावर हिम पडायला लागलं," ते म्हणाले. "यंदा थंडी पालखीच्या आधी पोचणार, बाबांनो. भोपळे सांभाळा."

भोपळ्याचा वेल मोठा नाजूक असतो. पहाटेचे पांढरे दहिवर त्याच्यावर एकदा बसले, की पाने काळी पडतात आणि फळाची वाढ तेथेच थांबते. यावर गावाचा उपाय जुना होता. दिवस मावळताच शेताच्या वरच्या अंगाला गोवऱ्या आणि ओला पाला पेटवावा. त्याचा दाट धूर उतारावरून सावकाश सरकतो आणि वेलावर पांघरुणासारखा पसरतो.

येसाजीनेही धुनी पेटविली. धूर निघाला, त्याच्या भोपळ्यावरून मायेने फिरला, आणि मग बांध ओलांडून निवांतपणे म्हाळसाबाईच्या शेतात उतरला. हे इतकी वर्षे असेच होत आले होते; परंतु येसाजीने ते त्या दिवशी प्रथमच पाहिले.

"गोवऱ्या माझ्या, पाला माझा, डोळे माझे चुरचुरतात," तो संतापून म्हणाला, "आणि ऊब तिच्या भोपळ्याला."

"धूरच तो," सगुणाबाई म्हणाली. "त्याला काय दावं बांधणार?"

"दावं नाही. भिंत बांधणार."

"बांधा. आणि वाऱ्यालाही बजावून ठेवा, विचारल्यावाचून हिंडायचं नाही म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून येसाजी बांधावर दगड-मातीची भिंत रचू लागला. म्हाळसाबाई आपल्या शेतातून ते पाहत होती. दुपारी ती ताकाचा तांब्या घेऊन आली.

"भावजी, भिंत घालताय की गड?"

"खालून वारा येतो, वहिनी. फार बोचतो."

"असं होय," ती म्हणाली. तिने धुनीकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, आणि तांब्या त्याच्या हाती दिला. "ताक प्या. गड बांधणाऱ्याला तहान फार लागते."

भिंत पुरुषभर उंच झाली. येसाजीने त्या संध्याकाळी धुनीत दुप्पट पाला घातला, धूर भिंतीला अडलेला डोळे भरून पाहिला, आणि तो समाधानाने घरी गेला. सगुणाबाईने मात्र जाता जाता आपली जाड गोधडी भोपळ्यावर टाकली.

"माझ्या भिंतीवर भरवसा नाही तुझा?" त्याने विचारले.

"भिंतीवर आहे. गोधडी तर भोपळ्यावर टाकली."

पहाटे कडाक्याची थंडी पडली. फटफटताच येसाजी शेतात गेला. शेताच्या वरच्या टोकाला गारवा बेताचाच होता. परंतु तो जसजसा खाली उतरू लागला, तसतशी थंडी त्याच्या घोट्यापर्यंत आली, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. जणू तो एका न दिसणाऱ्या तळ्यात उतरत होता. भिंतीपाशी पोचला तेव्हा त्याचे दात वाजत होते. तेथे गवत पांढरे झाले होते, माती पांढरी झाली होती, आणि त्याच्या वेलाची पाने काळीठिक्कर पडली होती.

तो धडपडत भिंतीवर चढला. पलीकडे म्हाळसाबाईचा वेल हिरवागार उभा होता, आणि त्याच्यावर येसाजीच्याच धुनीचा धूर पसरला होता.

तेव्हा येसाजीला सारे कळले. धूर हलका, तो रात्रभर भिंत चढला आणि पलीकडे उतरला. थंडी जड, ती पाण्यासारखी डोंगरावरून वाहत आली आणि भिंतीपाशी तुंबून बसली. त्याने अडवायचे ते सोडले होते आणि सोडायचे ते अडविले होते.

त्याने खाली उतरून गोधडी उचलली. खालचे फळ शाबूत होते. आता ते वाढणार नव्हते, परंतु पौर्णिमेपर्यंत टिकले तर अजूनही पालखीत बसू शकत होते. आकाशात मात्र राखी ढग जमू लागले होते. मेंढपाळ म्हणाले, "संध्याकाळी गावात हिम येणार." त्या गोठलेल्या तळ्यात आणखी एक रात्र काढली, तर एका गोधडीने काही भागणार नव्हते. भोपळा आतून नासून जाणार होता. भिंत त्याच दिवशी पाडायला हवी होती.

येसाजीने पहार उचलली. पण ती हवेतच थांबली. भिंत पाडली, तर कोंडलेली थंडी खाली जाणार होती. खाली म्हाळसाबाईचा भोपळा होता.

काल हाच विचार त्याला गोड वाटला असता. आज काळी पाने पाहिल्यावर तो गोड वाटेना. पहार मांडीवर घेऊन तो भिंतीवर बसून राहिला.

"भावजी, गडावर पहारा का?" म्हाळसाबाई खालून म्हणाली. तिच्याही खांद्यावर पहार होती.

"वहिनी, ही भिंत वाऱ्यासाठी नव्हती," येसाजी म्हणाला. त्याची मान वर होईना.

"ठाऊक आहे. वाऱ्यासाठी भिंत घालणारा माणूस दर थराला धुराकडं बघत नाही."

"ती पाडली, तर इथली थंडी तुमच्या शेतात शिरेल."

"शिरू दे. माझ्याकडं ती मुक्काम करत नाही. माझ्या खालच्या बांधाला मी वाट ठेवली आहे, तिथून ओढ्यात जाते. माझ्या सासूबाई म्हणत, थंडी म्हणजे पाहुणी. तिला बसायला पाट देऊ नये, जायला वाट द्यावी."

"तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला तर आले होते. पण तुम्ही वाऱ्याची थाप मारलीत, आणि माझ्याही मनात अढी बसली. म्हटलं, बघू दे गंमत. आज तुमची पानं बघितली, आणि गंमत राहिली नाही. उतरा खाली. दोघांनी मिळून पाडू."

त्यांनी दोन्ही बाजूंनी पहारी घातल्या. आवाज ऐकून गाव गोळा झाले. कोणी हातोडे आणले, कोणी टोपल्या आणल्या, आणि कोणी केवळ सल्ले आणले. दुपार कलेपर्यंत भिंतीला बैलगाडी जाईल एवढे खिंडार पडले. तुंबलेली थंडी सळसळत खाली निघाली, तेव्हा खिंडारात उभ्या असलेल्यांनी धोतरे सावरली. ती म्हाळसाबाईच्या शेताच्या कडेने वाहिली आणि ओढ्यात उतरली.

मग सर्वांनी दोन्ही भोपळ्यांवर बांबूंच्या छपरासारख्या उतरत्या कैच्या उभारल्या, त्यांवर तट्टे टाकले, आत घराघरांतून आलेल्या गोधड्या खोवल्या, आणि वर एकच मोठी धुनी पेटविली. हिम भुरभुरू लागले. ते तट्ट्यांवरून घसरे आणि बाजूला साचे. धूर वरच्या शेतातून खालच्या शेतात गेला, आणि येसाजी स्वतः पाला घालीत राहिला.

सकाळी सारे गाव पांढरे झाले होते. पोरे उतारावरून सुपात बसून घसरत होती. तट्टे काढले, तेव्हा दोन्ही भोपळे धुनीच्या उबेत तांबूस, तजेलदार दिसत होते.

पौर्णिमेस पालखी आली. पाटलाने दोन्ही भोपळ्यांभोवती सुतळी फिरविली. म्हाळसाबाईच्या भोपळ्याला ती दोन बोटे अधिक लागली.

सगळे येसाजीकडे पाहू लागले. तो हसत होता. "ही दोन बोटं माझ्या भिंतीची," तो म्हणाला. "माझी पानं जळल्यावर यांचा भोपळा जेवढा वाढला, तेवढीच."

"पुढल्या वर्षी भिंत घातली नाहीत, तर माझी खैर नाही," म्हाळसाबाई म्हणाली.

पालखी एवढी जड झाली, की भोई वाकले. येसाजीने पुढे होऊन दांडीला खांदा दिला आणि गावाच्या शिवेपर्यंत म्हाळसाबाईच्या मागे चालत गेला. शिंगे त्याच्या अगदी कानाशी वाजत होती.

तो परतला, तेव्हा चौकात कढया चढल्या होत्या. त्याच्या भोपळ्याचे केशरी घारगे टम्म फुगून वर येत होते. हिमात हिंडून लाल झालेली पोरे, मेंढपाळ, म्हातारेकोतारे सारे दाटीवाटीने बसून खात होते. एकाने त्याच्या हातावर गरम घारगा ठेवला. येसाजीने तो तोंडात घातला आणि तो सगुणाबाईकडे वळला.

"सगुणा, हे दर वर्षी असंच लागत होतं?"

"असंच. तुम्ही रुसून माजघरात बसत होतात. मी सांगणार कुणाला?"

येसाजीने आणखी एक घारगा घेतला, आणि नंतर आणखी एक. दुसऱ्या दिवशी त्याने उरलेली भिंतही पाडली. त्या डोंगरावर आजही प्रत्येक बांधाला एक वाट राखलेली असते, आणि संध्याकाळी धूर कोणाचा आहे हे कोणी विचारीत नाही.

तात्पर्य : शेजाऱ्याची ऊब अडविण्यास जो भिंत घालतो, तो आपल्याच शेतात थंडी कोंडून घेतो.