रिकामी खाच

पत्र्याच्या चार भिंतींत एक राज्य होतं, आणि त्या राज्यातला उजेड गेला होता.

उजेड यायचा तो एका जाड काळ्या दोरातून. दोर मागच्या भिंतीतून बाहेर जाई. बाहेर तो कुठवर जातो हे कुणी पाहिलं नव्हतं, आणि विचारायची रीतही नव्हती. ज्याचं खावं त्याच्याकडे बोट दाखवू नये, असं म्हणत.

म्हणून उजेड गेला की दोष राज्यातल्याच कुणाचा तरी असे. सभेनं नाव घ्यायचं. मग वरून एक मोठा हात येई, ज्याचं नाव निघालं त्याला खाचेतून उपटून नेई आणि दारावरचं बटण दाबून बघे. उजेड आला, तर उपटलेला तो चोर. नाही आला, तर पुढचं नाव. आधीच्याला परत बसवायची पद्धत नव्हती.

तळाच्या कोपऱ्यात चपटेआजोबा राहत. रुपयाएवढा गोल जीव. अंधारात वेळ मोजत राहायचं, एवढंच त्यांचं काम. त्यासाठी त्यांच्या पोटात चिमूटभर उजेड जन्मापासून ठेवलेला होता. त्या चिमटीवरच आत्ता सभा भरली होती, पण ते कुणाच्या ध्यानात नव्हतं.

सभेला माथेसरकार बसले होते. त्यांचं डोकं लवकर तापे, पंखाजीच्या वाऱ्यावाचून त्यांचं क्षणभर चालत नसे. तेव्हा पंखाजी म्हणेल ती पूर्व.

पंखाजीनं आधी थोरलीला उभं केलं. थोरली आणि धाकटी या बहिणी शेजारशेजारच्या खाचांत राहत. राज्यात जे बोललं जाई ते त्या लक्षात ठेवत. मात्र उजेड गेला की सगळं पुसलं जाई. त्यांची घडणच तशी.

"उजेड गेला तेव्हा काय करत होतीस गं?"

"आठवत नाही हो, पंखाजी."

"ऐकलंत? आठवत नाही म्हणे! चोराला कधी आठवलंय का?"

सभा खदाखदा हसली.

"अहो, अंधारात त्यांना आठवत नसतंच," आजोबा सावकाश म्हणाले. "पोरीला कशाला छळता? त्यापेक्षा दोराचं पलीकडचं टोक तरी..."

"आजोबा, तुम्ही आपले आकडे मोजा."

हात आला. थोरली उपटताना कड् असा आवाज झाला. धाकटीनं "ताई!" म्हणून हाक मारली. बटण दाबलं गेलं. उजेड आला नाही. पंखाजी जराही ओशाळला नाही.

"मग ही धाकटी. एकाच घरातली ना?"

"आजोबा, सांगा ना यांना," धाकटी म्हणाली.

"अरे, एक जीव गेला, उजेड आला का?" आजोबांचा आवाज कधी नव्हे तो चढला. "आता तरी दोराकडे बघा. मी पाया पडतो."

पंखाजी त्यांच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "सगळ्यांचा उजेड गेला. तुझा बरा उरला रे, म्हाताऱ्या?"

सगळे आजोबांकडे बघू लागले.

"माल अंगावर घेऊन बसलाय," मागून कुणीतरी म्हणालं, "आणि शहाणपण आपल्याला शिकवतोय."

ज्या उजेडात तुम्ही माझं तोंड बघताय तोच हा, एवढं म्हणायला आजोबांना वेळ होता. पण त्यांनी धाकटीकडे पाहिलं. आपण सुटलो तर हात तिच्यावर येणार, हे त्यांना उमगलं.

"बरं," ते म्हणाले. "मला काढा. मग हिला कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावणार," माथेसरकार म्हणाले. त्यांना लवकर उरकायचं होतं.

हातानं आजोबांना नखानं उचकटलं. सभा हसली, पण ते हसू अर्ध्यावरच विझलं. आत काळोख झाला.

आजोबा एका बशीत पडले. शेजारी स्क्रू होते, आणि थोरली होती.

"आपण कोण?" तिनं विचारलं.

"मी तुझ्या आळीतला, बाळा."

बशीतून त्यांना जन्मात पहिल्यांदा दोराचं पलीकडचं टोक दिसलं. ते जमिनीवर लोळत होतं. भिंतीतल्या त्याच्या जागी दुसराच दोर खोचला होता, आणि एक बाई शांतपणे इस्त्री करत होती. आजोबांनी ओरडायचा प्रयत्न केला. पण राज्यापर्यंत आवाज जायचा तो तारांमधूनच. बशीत तारा नव्हत्या.

शेवटची घडी घालून बाईनं इस्त्रीचा दोर उपटला, काळा दोर उचलून जागेवर लावला आणि खटका दाबला. इकडे हातानं दारावरचं बटण दाबलं.

राज्य लख्ख उजळलं. पंखाजी गरगरू लागला.

"मिळाला एकदाचा!" हातवाला बाईला म्हणाला. "कॉम्प्युटरचा हा सेलच भिकारडा होता." आणि त्यानं झाकण लावून स्क्रू पिळले.

आत माथेसरकारांनी डोळे चोळले. "आज दिवस कोणता?"

सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून पहिला दिवस धरला.

"माझ्या शेजारी ही खाच आहे," धाकटी म्हणाली. "इथं कोण होतं?"

"पहिल्या दिवशी कोण असणार?" पंखाजी हसला.

तेही खरंच, म्हणून धाकटीही हसली आणि कामाला लागली. पंखाजीच्या वाऱ्यानं उडालेली धूळ हळूहळू त्या खाचेत जाऊन बसू लागली.