खडकात अडकलेलं जाळं

कोकणच्या किनाऱ्यावर, एका खाडीच्या तोंडाशी, बाबल नावाचा मच्छीमार बायको शेवंतीसोबत राहत होता. गावासमोरच्या समुद्रात प्रवाळांचे खडक होते. तिथे मासे अंडी घालत, कासवं चरायला येत. म्हणून तेवढा भाग राखीव होता. तिथे जाळं टाकायला बंदी होती.

एका वर्षी मासळी फारच कमी मिळाली. एके सकाळी बाबल कोणाला न सांगता राखीव भागात शिरला आणि त्यानं जाळं सोडलं. ओढायला गेला तर ते खडकात अडकलेलं. तेवढ्यात लांबून रक्षकांच्या बोटीचा आवाज आला. घाबरून त्यानं दोर कापला आणि घर गाठलं.

शेवंतीनं रिकामी होडी पाहून जाळ्याबद्दल विचारलं. वाहून गेलं, असं तो म्हणाला. पण जेवताना तो सारखा उठून दारात जाई, समुद्राकडे बघून परत येई. शेवटी त्यानं तिला खरं ते सांगितलं.

कबूल केलं तर होडीचा परवाना जाणार, हे तिलाही माहीत होतं. घरात दुसरी मिळकत नव्हती. मग तिनं विचारलं, "कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं ना?"

"हो."

"आणि जाळ्यात अडकलं तर?"

जरा थांबून बघू, भरतीच्या पाण्यानं जाळं आपोआप सुटेल, असं बाबल पुटपुटला.

"तुम्ही थांबाल," शेवंती म्हणाली. "कासव कसं थांबेल?"

बाबल उठला आणि तडक चौकीवर गेला. तिथला मुख्य रक्षक दिनानाथ रागावण्यात वेळ न घालवता दोन पाणबुड्यांना घेऊन निघाला. बाबलनं जागा दाखवली.

जाळ्यात दोन कासवं होती. एकाचं तोंड कसंबसं पाण्याबाहेर येत होतं. पाश कापताच त्यानं मोठा श्वास घेतला आणि ते खोल पाण्यात दिसेनासं झालं. दुसरं खाली गुरफटलेलं होतं. ते वर आणलं तेव्हा हललं नाही.

"थोडं आधी यायला हवं होतंस," दिनानाथ हळू आवाजात म्हणाला.

बाबलचा परवाना वर्षभरासाठी रद्द झाला. शेवंती दुसऱ्यांची मासळी सुकवू लागली, तो दुसऱ्यांची जाळी विणू लागला. गावातली माणसं त्याच्या खरेपणाचं कौतुक करत, एक कासव वाचवलंस म्हणत.

बाबल मान खाली घालून म्हणे, "दोन होती."

तात्पर्य एवढंच: चूक कबूल करायला आपण जितका उशीर करतो, तितका वेळ तिचा त्रास दुसरंच कोणीतरी सोसत असतं.