उंच कुरण

त्या मुलखात गवत पुष्कळ होतं आणि प्रश्न फार थोडे होते. गुरं दिवसभर खाली मान घालून चरत, सावलीला बसून रवंथ करत आणि जिथून आली तिथे संध्याकाळी परत जात. मुलखावर गुरांचंच राज्य होतं. निदान गुरांचा तरी तसा समज होता. त्यांच्या पाठींवर पांढरेशुभ्र बगळे बसलेले असत. ते गोचीड टिपत, आणि एरवी एका पायावर डोळे मिटून उभे राहत. मान वर करून उभं राहणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं, त्यामुळे विद्वान म्हणवून घ्यायचा मान आपसूकच बगळ्यांकडे गेला होता.

अशा मुलखात काजळी नावाच्या गाईला पाखऱ्या झाला. अंगावर पांढरे ठिपके, कान शरीराच्या मानाने जरा मोठेच. नवं वासरू उभं राहताना पडतं, पुन्हा उठतं, पुन्हा पडतं. तशी रीतच आहे. पाखऱ्या एकदा पडला आणि पडल्या जागी आपल्या चारी पायांकडे बघत बसला. कोणता पाय आधी टाकल्याने घोटाळा झाला, ते त्याने नीट पाहून घेतलं असावं, कारण त्यानंतर तो उठला तो पुन्हा पडला नाही. काजळीला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती. पण आईच ती. तिला कौतुक वाटलं.

पुढे पुढे कौतुकाची जागा धसक्याने घेतली. पाखऱ्या सकाळी डोळे उघडताच विचारायला लागे. दुपारी आपली सावली लहान होते, म्हणजे दुपारी आपण थोडे कमी होतो का? गवत आधी खाल्लं तेव्हा तुरट लागलं, मग रवंथ करताना तेच गोड कसं झालं? आपण सगळे घंटेच्या मागे चालतो, मग घंटा कोणाच्या मागे चालते? हा शेवटचा प्रश्न त्याने भुऱ्यामामाला विचारला. भुऱ्या हा जुना बैल. कळपाच्या पुढे घंटा बांधून चालायचं आणि दुपारी गोठणीवर, म्हणजे गुरं विसाव्याला बसतात त्या झाडाखालच्या जागेवर, वासरांना चार गोष्टी शिकवायच्या, हे त्याचं काम. विषारी पाला कोणता, चिखल कुठे खोल आहे, वाघाचा वास कसा असतो, एवढंच त्याला शिकवता येई. पाखऱ्याचा प्रश्न त्याने दिवसभर चघळला आणि संध्याकाळी प्रामाणिकपणे सांगितलं, की बाबा, मला माहीत नाही. पाखऱ्याला त्या उत्तराचा फार आनंद झाला. म्हणजे अजून शोधता येईल, असं म्हणत तो घरी उड्या मारत आला.

पण रोज काही असा प्रश्न निघत नाही. बाकीची वासरं विषारी पाला ओळखायला आठवडेच्या आठवडे घालवत, आणि पाखऱ्याला तो एका वासात कळे. मग उरलेल्या वेळात त्याने करायचं काय? तो शेजारच्या वासराची शेपटी चावायचा, वासरांना सोपी वाट म्हणून काट्यांत न्यायचा, मध्येच मामांचं वाक्य पुरं करून टाकायचा. हळूहळू त्याच्याशी कोणी खेळेनासं झालं. एका दुपारी काजळीने त्याला पाहिलं, तो गोठणीपासून लांब, एकटाच, एका बाभळीच्या खोडाला टकरा देत होता. रागाने नाही. खोड निदान जागचं हलत नव्हतं, उठून जात नव्हतं, म्हणून.

त्याच सुमाराला धवलपंडित तिच्या पाठीवर उतरला. हा बगळ्यांतला सगळ्यांत मोठा बगळा, उंच कुरणाचा प्रमुख. उंच कुरण टेकाडावर होतं आणि तिथे फक्त निवडलेली वासरं जात. पंडिताने पाखऱ्यासमोर गवताचे दोन ढीग केले आणि मोठा कोणता ते विचारलं. इतर वासरं अशा वेळी सरळ मोठ्या ढिगाला तोंड लावतात. पाखऱ्याने विचारलं, "कोणासाठी मोठा?"

पंडिताने दोन्ही डोळे उघडले. बगळा दोन्ही डोळे एकदम उघडतो, हे काजळीने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. तो म्हणाला, असं डोकं एखाद्याच पिढीत येतं, आणि ते खाली ठेवलं तर ते सडेल. ते पाप मात्र तुमच्या माथी. काजळीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. आपल्या पोटी काहीतरी मोठं जन्माला आलंय हे ऐकून आईला आनंद व्हावा, पण तिला झाली ती भीती. कालपर्यंत तिचं एक वासरू होतं. आज ते मुलखाची ठेव झालं होतं.

गोठणीवर चर्चेला उधाण आलं. शेजारच्या मोरीमावशीला तर काजळीने विचार करत बसणंच पटेना. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि ही तोंड धुवायला निघाली, असं ती चारचौघींत म्हणाली. तिचं स्वतःचं वासरू दोनदा निवडीला नेलं होतं आणि दोन्ही वेळा त्याने ढीगच खाऊन टाकला होता, ते ती म्हणाली नाही. काही गाईंनी काजळीशी बोलणं वाढवलं, काहींनी बंद केलं. ज्यांनी बंद केलं त्या जास्त प्रामाणिक होत्या. शेवटी काजळीने भुऱ्यामामाला विचारलं. तो म्हणाला, "काजळे, माझ्याजवळचं त्येचं शिकून संपलंय, हे खरं हाय. वर काय शिकवत्यात ते मला ठावं न्हाई. तू त्यालाच इचार."

तिने विचारलं. पाखऱ्याने हळूच उलट विचारलं, "आई, तिथं माझ्यासारखी आणखी असतील?"

एवढ्या एका वाक्याने काजळीचा निर्णय निम्मा होऊन गेला. उरलेला निम्मा करायला ती त्याला घेऊन टेकाड चढली.

उंच कुरण पाहून ती थक्क झाली. गवत एकसारखं, कातरल्यासारखं. पाणी नितळ. कुंपण कुठेही नव्हतं. वासरं ओळीत उभी, अंग लखलखीत, एकावरही माशी नाही. आणि आवाज नाही. एवढी वासरं एका जागी आणि हंबरणं नाही, टकरा नाहीत, उधळणं नाही. काजळीला वाटलं, बुद्धिमान मंडळी अशीच असणार. आपल्याकडच्या गोंगाटाला हुशारी कुठून येणार! मग तिचं लक्ष वासरांच्या नाकाकडे गेलं. प्रत्येकाच्या नाकपुड्यांतून एक रेशमी धागा ओवलेला होता.

ती दचकून मागे सरली. तिच्या मुलखात नाकातला दोर ही फार जुनी, कोणी न बोलायची गोष्ट होती. म्हाताऱ्या गाई ती फक्त कुजबुजत सांगत. पंडिताने तिला शांतपणे धागा दाखवला. तो कशालाही बांधलेला नव्हता. दुसरं टोक मोकळं लोंबत होतं. एकाग्रतेसाठी असतो, तो म्हणाला, मन भरकटायला लागलं की स्वतःच स्वतःला आठवण होते. शिक्षण काय देता, असं तिने भीत भीत विचारलं, तर तो म्हणाला की खाली प्रश्न साठत जातात, इथे त्यांचा निकाल लागतो. उत्तर कोणतं आलं यापेक्षा ते किती लवकर आलं, याला इथे महत्त्व आहे.

काजळीला हे कळलं नाही, पण न कळणाऱ्या गोष्टी वरच्या दर्जाच्या असतात अशी तिची समजूत होती. तरी तिचा पाय उचलेना. ते पाहून पंडिताने अगदी न्यायाची गोष्ट सांगितली. "एक पावसाळा ठेवा. नंतर जत्रेच्या दिवशी या आणि त्यालाच विचारा. तो येतो म्हणाला तर घेऊन जा. आम्ही कोणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवत नाही."

याला नाही कोण म्हणणार? पाखऱ्या तर केव्हाच वासरांच्या ओळीत शिरला होता. प्रत्येकाला तो नाव विचारत होता. एकानेही सांगितलं नाही. लाजत असतील, असं म्हणून काजळी टेकाड उतरली.

त्या पावसाळ्यात तिला वरून बातम्या येत गेल्या. बगळे येता-जाता सांगत, की पाखऱ्या पहिला आहे, पाखऱ्याने मागच्या सगळ्यांना मागे टाकलं. पाणवठ्यावर गाई तिला पुढे जागा देऊ लागल्या. मोरीमावशी तिच्याशी बोलताना आवाज मऊ करी. काजळीला ते आवडलं, खोटं कशाला बोला. आवडलं, आणि संध्याकाळी गोठ्यात आल्यावर कोणी काही विचारत नाही म्हणून तिला घास गिळवेना. भुऱ्यामामा वासरांना विषारी पाला दाखवताना मध्येच थांबे. आपलं वाक्य कोणीतरी पुरं करील म्हणून वाट बघितल्यासारखा.

जत्रेच्या दिवशी काजळी आणि भुऱ्यामामा टेकाडाखालच्या माळावर पोचले, तेव्हा सगळा मुलूख तिथे लोटला होता. हजारो खुरांनी गवत तुडवलं जात होतं, नाकतोडे थव्याथव्याने उडत होते, आणि बगळे ते हवेतल्या हवेत टिपत होते. एवढी मेजवानी त्यांना वर्षात दुसऱ्या कोणत्या दिवशी मिळत नसे. मधोमध मातीचा एक ओटा होता. त्यावर पाखऱ्या उभा होता.

काजळीने आधी त्याला ओळखलंच नाही. अंगावर आरशांची झूल, शिंगांना पितळी टोपणं, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत घुंगरू. कपाळावर मोरपीस. मग ठिपके दिसले आणि तिला हुंदका आला. केवढा देखणा झाला होता! तिच्या मागची एक गाय म्हणाली, ही त्याची आई बरं का, आणि सगळ्यांनी वळून काजळीकडे पाहिलं. तेवढा एक क्षण ती अख्ख्या मुलखात सगळ्यांत सुखी होती.

पंडिताच्या पुढ्यात एक वाद्य होतं, कातडं ताणून बसवलेलं. त्यावर त्याने चोच घासली की गुबुगुबु असा आवाज निघे. हे कातडं कोणाचं, असं काजळीच्या मनात आलं, पण एवढ्या आनंदात असलं काही विचारायचं नसतं. पंडिताने मोठ्याने प्रश्न केला, यंदा गवत भरपूर होईल का? गुबुगुबु वाजलं आणि पाखऱ्याने मान खालीवर हलवली. घुंगरू वाजले, माळावर जल्लोष झाला. आपला कळप सगळ्यांत थोर आहे का? मान हलली. बगळे आपले हितचिंतक आहेत का? हलली. वाद्याचा आवाज विरायच्या आत उत्तर येत होतं. मागून गर्दीतून ज्वारी उधळली जात होती. प्रश्नच असे होते की त्यांचं उत्तर हो असावं, असं प्रत्येकाला वाटत होतं.

ठरल्याप्रमाणे पंडिताने काजळीला ओट्याजवळ बोलावलं. तिने पोराच्या अंगाचा वास घेतला. तेलाचा आणि पितळेचा आला. तरी ती म्हणाली, "पाखऱ्या, घरला येतोस न्हवं?"

पंडिताची चोच कातड्यावर फिरली. पाखऱ्याने मान हलवली.

काजळीचा जीव भांड्यात पडला. येतो म्हणाला, ती वळून भुऱ्यामामाला म्हणाली, ऐकलंत का, येतो म्हणाला. पंडिताला वाईट वाटलेलं दिसलं नाही. तो पाखऱ्याच्या पाठीवर जाऊन बसला आणि तितक्याच मायेने म्हणाला, "बाळ, तुला कायम इथेच राहायचं आहे ना?"

ओट्यावरच्या दुसऱ्या बगळ्याने वाद्य वाजवलं. मान हलली. तेवढीच खाली, तेवढीच वर.

गर्दीला यात काही खटकलं नाही. पोरगं बावरलं असेल, काजळीला वाटलं. एवढ्या गर्दीसमोर कोणीही बावरेल. ती आणखी जवळ गेली. त्याचे डोळे उघडे होते आणि त्यांत तिचं प्रतिबिंब पडलं होतं, झुलीवरच्या आरशांत पडलं होतं तसंच. "मला वळखलंस का रं?" तिने विचारलं. गुबुगुबु. मान हलली. तिला आता उत्तर नको होतं, पण तोंडातून प्रश्न निघून गेला होता, आणि तो तिने आयुष्यात कोणालाही विचारला नसता असा होता.

"मी तुजी कुणीबी न्हाई. व्हय ना?"

भुऱ्यामामाने डोळे मिटून घेतले. कातड्यावर चोच फिरली. पाखऱ्याने मान हलवली, घुंगरू गोड वाजले आणि त्याच्या मस्तकावर ज्वारीचा सडा पडला. काजळीच्या मागे उभ्या असलेल्या एका गाईने आपल्या वासराला शिंगाने पुढे ढकललं आणि ती म्हणाली, बघ, एकदासुद्धा अडखळला नाही.

पंडिताने पंख उचलून वाद्य थांबवायला सांगितलं. माळ शांत झाला. पाखऱ्याची मान हलतच राहिली.