मरजानला हाक

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, कांदळवाडीच्या धक्क्यावरून मरजान सिद्दी माणसांना पैलतीरी न्यायचा. त्याचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून गलबतात बसून आले. तो मात्र इथल्याच चिखलात लोळून वाढलेला. त्याने वल्हं मारलं की लाट आपण होऊन बाजूला सरायची, असं म्हणतात.

लोक हाक मारायचे, "ए हबश्या, होडी आण!" तो हसत यायचा. हसतो म्हणजे त्याला काही वाटत नाही, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

एकदा पैलतीरच्या बाजारात कुणाचं तरी लेकरू हरवलं. बाजारकरूंनी मरजानचा रंग पाहिला, बाकी काही पाहिलं नाही. "हबश्यानंच पळवलं," म्हणत त्यांनी त्याला ठार मारलं. लेकरू दुपारी आजोळी सापडलं.

मरजानचा बाळपणचा मैतर पोशा कोळी आणि मासळी विकणारी मंगळी यांनी त्याला माती दिली आणि दोघं धक्क्यावर येऊन बसली. मरजानची रिकामी होडी खाडीच्या मधोमध उभी होती. तीन दिवस तिला ना ओहोटीने हलवलं, ना भरतीने. तिच्याकडे पोहत गेलेला माणूस फिरून याच काठाला लागायचा, असं म्हणतात.

चौथ्या सकाळी पोशाने सवयीने तोंड उघडलं, "ए हबश्या..." आणि बाकीचं सोडून तो मंगळीकडे वळला.

"मंगळे, त्याला मारनाऱ्यांच्या तोंडात जो शब्द व्हता, त्योच आपल्या तोंडात व्हता."

"तो हसायचा रं," मंगळी म्हणाली.

"हसंल नाय तं काय करंल? आपल्याबिगर त्याला व्हतं कोन?"

मंगळी पदरात तोंड घालून रडली. पोशा कमरेएवढ्या पाण्यात उतरला. शरमेने त्याची मान वर होत नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्याने नावाने हाक मारली, "मरजान!"

होडी वळली आणि हळूहळू त्याच्या हाताशी आली. वल्ही ओली होती, असं म्हणतात. पण होडी तेवढी आली, मरजान आला नाही.

आता पूल झालाय. तरी कांदळवाडीत कामाधंद्याला कुणी परका आला, मग तो कुठल्याही रंगाचा असो, घरातलं वडील माणूस आधी त्याचं नाव विचारतं, मोठ्याने म्हणून बघतं, चुकलं तर पुन्हा विचारतं. नीट जमलं की मगच पाण्याचा तांब्या पुढे येतो. याला तिथे मरजानला हाक देणं म्हणतात.